लॅप नका मोजू, स्ट्रोक मोजा

पत्र : "मी ४६ वर्षांची. इंदिरानगरला राहते, बँकेत नोकरी करते. पोहायला शिकले ती निफाडजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून, मोठ्या काकांच्या हाताखाली. लग्नानंतर सगळं सुटलं. दोन वर्षांपूर्वी पुन्हा तलावावर जायला लागले. आठवड्यातून पाच दिवस सकाळच्या बॅचला न थांबता ४० लॅप मारते, म्हणजे १००० मीटर. गेल्या वर्षी मास्टर्स, म्हणजे प्रौढांसाठीच्या वयोगटवार स्पर्धेत १०० मीटर फ्रीस्टाईलला उतरले. २ मिनिटं १० सेकंद लागली आणि गटात शेवटची आले. पहिले ५० मीटर ५८ सेकंदांत झाले, पुढच्या ५० मीटरना ७२ लागले. तेव्हापासून जास्त जोर लावतेय, पण टायमिंग जागचं हलत नाही. पाय खाली जातात, दम लागतो, हल्ली उजवा खांदाही दुखतो. ओळखीचे एक जण म्हणतात, हात जोरात मारा. भाचा म्हणतो, जिम लाव, नाहीतर पॅडल (तळहाताला बांधायच्या प्लास्टिकच्या चकत्या) घे. सूर मारायचा म्हटलं की पोटात गोळा येतो, म्हणून स्पर्धेतही पाण्यातूनच सुरुवात केली. या वयात खरंच सुधारणा होते, की मी उगाच हट्ट करतेय?" – नाशिकची एक वाचक

ताई, सुधारणा होते. तुमच्या बाबतीत तर तिला भरपूर वाव आहे. हे तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही, तुमच्याच पत्रातले दोन आकडे तसं सांगतायत : ५८ आणि ७२. पाण्यातून सुरुवात करून पहिले ५० मीटर ५८ सेकंदांत काढणाऱ्या बाईकडे ताकद आहे आणि धाडसही आहे. पुढच्या ५० मीटरमध्ये १४ सेकंद गेले, कारण तिथे तुमचा स्ट्रोक, म्हणजे हात मारण्याची पद्धत, मोडला. हेच अंतर ६२ आणि ६४ असं वाटून पोहला असतात, तर २ मिनिटं ६ सेकंद झाले असते. त्यासाठी ना नवी ताकद लागली असती, ना जिम. ही चार सेकंदं तुमच्याकडे आजही आहेत.

आता "हात जोरात मारा" या सल्ल्याबद्दल. तुमचं भलं चिंतूनच कुणीतरी तो दिला असणार, पण तुमच्यासाठी तो चुकीचा आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. वेग वाढवला की पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि लागणारी शक्ती जवळजवळ घनाच्या पटीत. तुमचा वेग फक्त १० टक्क्यांनी वाढवायचा, म्हणजे २ मिनिटं १० सेकंदांवरून १ मिनिट ५८ सेकंदांवर यायचं, आणि तेही निव्वळ जोरावर, तर साधारण एक तृतीयांश शक्ती जास्त लागेल. ४६ व्या वर्षी, नोकरी आणि घर सांभाळून, एवढी ताकद कमवायला किती काळ लागेल याचा विचार करा. तोच १० टक्के वेग पाण्याचा अडथळा कमी करूनही मिळतो, आणि तो कमी करण्यासाठी फक्त नीट शिकावं लागतं. मोठेपणी पोहायला परत आलेल्या माणसाचा खरा फायदा इथेच आहे. लहान मुलं सांगितलं तेवढं करतात. तुम्ही आपल्या शरीराचं निरीक्षण करू शकता.

विहिरीचं बोलतो, कारण तुमच्या पोहण्याचं मूळ तिथे आहे. विहिरीत पाण्याची भीती गेली, ही फार मोठी कमाई आहे. तिशी-चाळिशीत तलावावर पहिल्यांदा येणारी कितीतरी माणसं त्या एका गोष्टीसाठी महिनोन्महिने झगडतात. पण विहिरीत पोहतात गोल गोल. सरळ २५ मीटर जायचा प्रश्नच नसतो. पाण्यावर काडीकचरा तरंगत असतो, वरून कोण उडी टाकतंय तेही बघायचं असतं, म्हणून मान कायम वर. हात आखूड आणि भरभर. अंगात बसलेलं हे वळण तुम्ही अजून तसंच चालवताय असं दिसतं. मान वर आली की कंबर आणि पाय खाली जाणारच. फुप्फुसांत हवा असल्यामुळे छाती तरंगते, पायांचा भार खाली ओढतो. शरीर तराजूच्या दांडीसारखं आहे, एक टोक उचललंत की दुसरं बुडतं. मग पाय वर ठेवायला तुम्ही जोरात किक मारता, मांड्यांचे मोठे स्नायू प्राणवायू खाऊन टाकतात आणि ५० मीटरच्या आतच दम लागतो. तुमचा स्टॅमिना कमी नाही. तो पाय वर धरण्यात खर्च होतोय.

पहिले तीन-चार आठवडे एवढंच करा. भिंतीला पाय लावून स्वतःला ढकला. दोन्ही हात पुढे, एका तळव्यावर दुसरा, दंड कानांना चिकटलेले, नजर तळाकडे. किक नको, हात नको. नुसतं कुठवर जाता ते बघा आणि फरशीवरची खूण लक्षात ठेवा. मग हनुवटी जराशी वर करून पुन्हा तसंच जा. दोन खुणांमधलं अंतर दिसलं की मी काय म्हणतोय ते वेगळं पटवून द्यावं लागणार नाही. यानंतर कुशीवरची किक. एक हात पुढे लांब, दुसरा मांडीपाशी, शरीर अर्धं वळलेलं, तोंड मात्र खाली. सहा किक, मग हात बदलून दुसऱ्या कुशीवर. हे ड्रिल कंटाळवाणं आहे आणि शेजारच्या लेनमधली शाळकरी पोरं तुमच्या पुढे निघून जातील. जाऊ द्या. फ्रीस्टाईल म्हणजे एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जाणं आहे, पोटावर पडून हात फिरवणं नाही, हे या ड्रिलमुळेच अंगात उतरतं. किक कमरेतून, गुडघा जेमतेम वाकलेला, घोटे सैल. चाळिशीनंतर घोटे आखडतात, म्हणून घरी टीव्ही बघताना वज्रासनात थोडा वेळ बसा. गुडघे कुरकुरत असतील तर नका बसू.

श्वासाचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं तिथेच अडतं. दम लागल्यावर आपल्याला वाटतं, हवा कमी पडतेय. बहुतेक वेळा आत कोंडलेला कार्बन डायऑक्साईड बाहेर पडलेला नसतो आणि तोच घुसमट करतो. तोंड पाण्यात असताना श्वास रोखून धरलात की वर आल्यावर आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, दोन्ही कामं अर्ध्या सेकंदात उरकावी लागतात. ती उरकत नाहीत, म्हणून डोकं उचललं जातं, पाय बुडतात, पुढचा हात खाली दाबला जातो. म्हणून तोंड पाण्यात गेल्या क्षणापासून नाकातोंडातून बुडबुडे सोडत राहा, सावकाश आणि अखंड. आधी उथळ बाजूला उभं राहून डुबक्या मारत हे बसवा. मग पोहताना तोंड बाहेर काढायचं ते फक्त घ्यायला, आणि तेही डोकं न उचलता, अंगाबरोबर वळवून. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर. डोक्याच्या पुढ्यात पाण्याची लाट उठते आणि गालापाशी खळगा तयार होतो, त्या खळग्यात तोंड उघडायचं. आपण बुडू असं वाटतं. बुडत नाही.

माझा अंदाज आहे की तुम्ही फक्त उजवीकडे श्वास घेता. सरावात तरी दर तीन हातांनी, दोन्ही बाजूंना घेऊन बघा. स्पर्धेत हवं तर एकाच बाजूला घ्या, त्यात काही वावगं नाही. पण सरावात दोन्हीकडे घेतलात की शरीर दोन्ही बाजूंना सारखं वळायला शिकतं आणि एकाच खांद्यावर भार येत नाही.

खांद्यावरून आठवलं : पॅडल अजिबात घेऊ नका. खांदा दुखत असताना पॅडल म्हणजे दुखण्याला निमंत्रण. हात चुकीचा पडत असेल तर पॅडलमुळे तो चुकीचाच, पण दुप्पट जोरानं पडतो. तुमचा हात पाण्यात जाताना अंगठा आधी जातो का ते पाहा. जात असेल तर दंड आत वळतो आणि खांद्याच्या सांध्यात स्नायूची दोरी हाडाखाली घासली जाते. बोटांची टोकं आधी, तळवा तळाकडे, खांद्याच्या सरळ रेषेत. हात डोक्यासमोर मधली रेषा ओलांडत असेल तर तेही दुखण्याचं कारण. आपल्याला फार बाहेर टाकतोय असं वाटावं इतका बाहेर टाका, तेव्हा कुठे तो बरोबर पडतो. आणि खांद्याकडे डॉक्टरी नजरेनंही बघा. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, किंवा मागे हात नेऊन हूक लावणं जड जात असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. चाळीस ते साठ या वयात, विशेषतः बायकांमध्ये आणि मधुमेह असणाऱ्यांमध्ये, खांदा आखडण्याचा विकार बराच दिसतो. साखरही तपासून घ्या. खांद्याचं निदान होईपर्यंत तलावावर हात अंगालगत ठेवून, पाठीवर पडून नुसती किक करत राहा, म्हणजे सराव सुटणार नाही.

खांदा मोकळा झाला की मग पकड. हात पुढे लांब गेला की लगेच खाली दाबू नका. कोपर वर, पृष्ठभागाजवळ ठेवून हाताचा पुढचा भाग खाली वाकवा, म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंतचा सगळा भाग मागच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहील. मग त्या सगळ्या भागानं पाणी मागे ढकला. तुम्ही कोपर खाली पाडून तळव्यानं पाणी खाली दाबत असाल, तर त्यानं अंग वर उचललं जातं, पुढे जात नाही. मुठी बांधून ५० मीटर पोहा. सुरुवातीला जागच्या जागीच आहोत असं वाटेल. तळवा नाही म्हटल्यावर हात आपोआप कोपरापासून पाणी धरायला लागतो, आणि मूठ उघडल्यावर पाणी किती जड लागतं ते तुम्हीच बघा. जिमला जायचं तर पाठीच्या आणि खांद्याच्या मागच्या स्नायूंसाठी रबरी बँड घरीच पुरे.

आता मुख्य गोष्ट. ४० लॅप मोजणं आजपासून बंद करा. त्याऐवजी २५ मीटरला किती हात लागतात ते मोजा, प्रत्येक हाताचा एक धरून. माझ्या अंदाजानं २८ ते ३२ असतील. बरोबर घड्याळही लावा. समजा ३० हात आणि ३२ सेकंद, तर बेरीज ६२. ही बेरीज वहीत लिहा. ती खाली यायला हवी. फक्त हात कमी झाले आणि सेकंद वाढले तर समजा, तुम्ही मध्येच हात पुढे ताणून नुसत्या घसरताय. पाणी तेवढ्यात वेग खाऊन टाकतं. फक्त सेकंद कमी झाले आणि हात वाढले, तर पुन्हा जोर सुरू झाला. दोन्ही मिळून बेरीज एका आकड्यानं जरी खाली आली तरी ते खरं बक्षीस समजा, कारण ते टिकणारं असतं. शर्यतीत दुसऱ्या ५० मीटरमध्ये हात किती वाढतात ते कुणाला तरी काठावरून मोजायला सांगा. २५ मीटरला ३० चे ३६ होत असतील तर १४ सेकंद कुठे गेले ते त्या आकड्यातच दिसेल.

न थांबता १००० मीटर मारल्यानं शरीर एकच गोष्ट पक्की शिकतं : थकलेला स्ट्रोक. शेवटचे ६००-७०० मीटर तुम्ही तोच गिरवत असणार. पाच दिवसांपैकी दोन दिवस आधी ड्रिल करा, ताजं असताना, आणि मग २५-२५ मीटर, प्रत्येकानंतर वीसेक सेकंद विश्रांती घेऊन, हात मोजत. तिसऱ्या दिवशी शर्यतीचा वेग बसवा. ६४ सेकंदांत ५० मीटर म्हणजे ३२ सेकंदांत २५. असे आठ तुकडे, सगळे सारखे. पहिला २९ मध्ये आणि शेवटचा ३५ मध्ये जात असेल तर सराव फसला. पहिलाच मुद्दाम ३२ ला धरायचा. हे जमायला संयम लागतो, आणि तुमच्यासारख्या मेहनती माणसाला संयम जोरापेक्षा जड जातो. चौथ्या दिवशी मनासारखं पोहा, ब्रेस्टस्ट्रोक, बॅकस्ट्रोक, काहीही. पाचवा दिवस सोडून द्या, खांद्याला तो हवा आहे. १०० मीटरचं टायमिंग महिन्यातून एकदाच घ्या. पहिल्या महिन्यात ते कदाचित वाढेल. नवं वळण बसेपर्यंत जुनं मोडलेलं असतं, त्यामुळे मध्ये हा काळ येतोच. तेव्हा घाबरून जुन्या स्ट्रोककडे परत जाऊ नका.

थंडीचं निफाडच्या माणसाला मी काय सांगायचं! पण डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा १० अंशांखाली जातो तेव्हा उघड्या तलावात खांदे आखडूनच आत जातात. पाण्यात उतरण्याआधी काठावर दहा मिनिटं हात फिरवा, जागेवर धावा, अंग गरम झाल्यावरच उतरा. त्या दिवसांत लांब ड्रिल नको. आणि एप्रिल-मे महिन्यांत, मुलांच्या शिबिरांची गर्दी उसळली की सरळ लेन मिळणं कठीण. तेव्हा भिंतीपाशी वळण्याचा सराव उरकून घ्या, त्याला पाच मीटर पुरतात.

एक खर्च मात्र करा : कुणाकडून तरी मोबाईलवर स्वतःचा व्हिडिओ काढून घ्या, एकदा समोरून, एकदा बाजूनं. बॅचमधल्या बाकीच्यांना विचारून, फक्त तुमचीच लेन दिसेल असा. यात पैसे जात नाहीत, पण मनाची तयारी लागते, म्हणून खर्च म्हटलं. पहिल्यांदा बघताना वाईट वाटतं. आपल्याला वाटतं आपण अंग लांब ताणतोय, आणि पडद्यावर हात डोक्याजवळच पडताना दिसतो. वाटणं आणि असणं यातला हा फरक दिसला की कोणत्याही प्रशिक्षकाचं बोलणं निम्मं सोपं होतं. शक्य असेल तर एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाकडून महिन्यातून एकदा स्ट्रोक तपासून घ्या. रोज शिकवणी लावायची गरज नाही.

सूर मारायची भीती असेल तर तो मारू नका. मास्टर्सच्या नियमांत ब्लॉकवरून (काठावरच्या उंच चौथऱ्यावरून), काठावरून किंवा पाण्यातून भिंतीला धरून, तिन्ही प्रकारे सुरुवात करायची मुभा आहे. तुमचं २ मिनिटं १० सेकंदांचं टायमिंग पाण्यातून सुरुवात करूनच आहे, त्यात कमीपणा काही नाही. वाटलंच तर खोल पाण्याच्या बाजूला, प्रशिक्षक शेजारी असताना, आधी काठावर बसून, मग गुडघ्यावर, मग उभं राहून, असा सूर बसवा. पण आधी भिंतीपाशी वळणं शिका. फ्लिप टर्न (पाण्यात कोलांटी मारून वळणं) येत नसेल तर हात टेकवून वळा, फ्रीस्टाईलमध्ये ते चालतं. फक्त भिंत धरून उभं राहू नका : हात टेकला की गुडघे पोटाशी, आणि ढकलताना पुन्हा तोच ताठ, दंड कानाला लावलेला आकार. भिंतीच्या धक्क्यानं मिळणारा वेग तुमच्या पोहण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो. वर येऊन लगेच हात सुरू करणारे तो फुकट घालवतात.

आणि शेवटचा स्पर्श. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं ५० मीटर फ्रीस्टाईलमधलं कांस्यपदक एका शतांश सेकंदानं हुकलं. तहसीलदाराची नोकरी करून तो त्या पातळीवर परत आला होता, हे बँकेत काम करणाऱ्या माणसानं जरूर लक्षात ठेवावं. त्याआधी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डॅरा टॉरेसनं वयाच्या ४१ व्या वर्षी तीन रौप्यपदकं मिळवली, आणि तिचंही ५० मीटरचं सुवर्ण एका शतांशानंच गेलं. तुमच्या गटात शतांशाची लढत असेल-नसेल. पण शेवटच्या पाच मीटरमध्ये श्वास न घेता, हात पूर्ण लांब करून, कुशीवर वळून भिंतीला लागायची सवय आत्तापासूनच लावा. थकलेलं डोकं त्या क्षणी नेमकं वर येतं.

वयाबद्दल तुम्ही विचारलंत. मास्टर्समध्ये २५ व्या वर्षापासून पाच-पाच वर्षांचे गट असतात आणि वय धरतात ते त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरचं. तुम्ही सध्या ४५ ते ४९ मध्ये आहात. आणि रिलेमध्ये चौघांच्या वयांची बेरीज करून गट ठरतो : १६० ते १९९, २०० ते २३९, असे. म्हणजे पन्नाशीच्या पुढच्या तिघी मिळाल्या तर तुमचं ४६ हे वय संघात सगळ्यात तरुण ठरेल. तुमच्या बॅचमध्ये तशा तिघी असतील तर आत्ताच विचारून ठेवा, चौघींचा सराव एकाच वेळेला जमवायला फार दिवस लागतात.